तिसरी जागा

"नव्या स्कॅनरला कॉम्प्युटर चौथा नंबर देतोय, हजेरीचं सॉफ्टवेअर तिसराच ओळखतं," कॉम्प्युटरवाला भाविक म्हणाला. पडद्यावरच्या यादीत तिसऱ्या जागी यहयाचा बिनतारी स्कॅनर फिकट दिसत होता. जोडलेला नसूनही कॉम्प्युटरनं जागा राखलेली. दापोड्याच्या गोदामात येताजाता सगळ्यांची कार्डं यहयाच स्कॅन करायचा. चाळीस दिवसांपूर्वी रॅक कोसळून तो गेला. वर चढायला मीच सांगितलेलं. स्कॅनर त्याच्या लॉकरमध्येच होता; तो उघडायची हिंमत होईना, म्हणून नवा स्कॅनर मागवला. "जुना काढून टाकू?" भाविकनं विचारलं. मी हो म्हणणार, तोच फिकट नाव ठळक झालं. पडद्यावर उमटलं: 'यहया, ड्युटी संपली.' मी लॉकरकडे धावलो. सामान न्यायला आलेल्या त्याच्या अम्मीच्या एका हातात स्कॅनर, दुसऱ्यात त्याचं कार्ड. "त्या दिवशी सुटताना कार्ड लावायचं राहिलं ना?" त्या म्हणाल्या. "आता सोडा त्याला, साहेब. घरी येऊ दे."