ब्रेकमधली हवा

"दाब," अक्ली गाडीखालून म्हणाला.

सीटवरून त्याच्या मुलानं, बेलाईदनं ब्रेक दाबला.

"धर... सोड."

नट आवळून अक्लीनं बाटलीतल्या तेलाकडे पाहिलं. हवेचा एकही बुडबुडा नव्हता. मघाशीही नव्हता.

"अजून हवा आहे," तो म्हणाला.

गावात ब्रेकचं काम कोणी गॅरेजला देत नसे. दुसऱ्यानं बसवलेल्या ब्रेकवर घाट उतरणं म्हणजे दुसऱ्यानं पसंत केलेल्या बायकोशी संसार करणं, असं अक्ली म्हणे. त्याचं स्वतःचं लग्न आईनं ठरवलेलं होतं.

परवा न्हाव्यानं त्याच्या कानात सांगितलं होतं. गुरुवारी सूर्य मावळताना किनाऱ्यावरून चोरून स्पेनला होडी सुटणार, आणि बेलाईद तिची चौकशी करत होता. अक्लीचा पुतण्या अशाच होडीतून गेला होता. त्याचा एक बूट परत आला.

आज गुरुवार. सकाळीच बेलाईदनं गाडी मागितली. मासे खायला जातो म्हणाला. अक्लीनं ब्रेक बिघडल्याचं जाहीर केलं आणि चारही चाकं काढून अंगणात मांडली. बाप गाडीखाली असताना मुलगा उठून जात नाही, एवढं वळण त्या घरात अजून शिल्लक होतं.

दहाच्या सुमाराला धाकटी लेक तासादित कॉफी ठेवून गेली. मावसबहिणीच्या मेंदीला निघाली होती. वाकून तिनं बापाच्या कपाळाचा मुका घेतला. हात तेलकट म्हणून अक्लीनं तिला जवळ घेतलं नाही.

"सावकाश करा, बाबा," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

पोरगी शहाणी, अक्लीला वाटलं.

दुपार कलली.

"बाबा, एवढ्या वेळात नवी गाडी तयार झाली असती."

"तुझ्या आईनं तुला नऊ महिने वागवलं. कधी कुरकुरली नाही."

"तिला पेडल दाबायचं नव्हतं."

अक्ली हसला. आता संपवावं लागणार, असं त्याला वाटत होतं, तोच बेलाईद म्हणाला, "पेडल अजून मऊ लागतंय. मागचं डावं पुन्हा बघा ना."

अक्ली आनंदानं पुन्हा खाली सरकला. पोराचा विचार बदलतोय. एरवी सिगारेट संपेपर्यंत एका जागी न बसणारा माणूस सकाळपासून सीटवर बसून होता.

"दाब. धर. सोड."

डोंगरामागे सूर्य गेला. मशिदीत अजान सुरू झाली. अक्ली बाहेर आला, कंबर धरून उभा राहिला. डोळे पुसायला चिंधी घेतली तर तिचं तेल डोळ्यांत गेलं. बरंच झालं, कारण सांगावं लागलं नाही.

"झालं एकदाचं. मासे उद्या खा."

बेलाईद उठला नाही. पाय ब्रेकवर तसाच दाबलेला होता. खिशातला फोन वाजला. संदेश वाचून त्यानं पाय उचलला.

"बसली, बाबा," तो म्हणाला. "तासादित होडीत बसली."