धुराचा वास

शेडमध्ये पाऊल टाकताच पार्बताबाईला धुराचा वास आला. जिनिंग कारखान्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये छतापर्यंत कापूस रचला होता. पौषातली थंडी फटीफटींतून आत घुसत होती. कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचणाऱ्या बायांनी चार दिवस शेगडीचा धोशा लावला होता, पण मुकादम पार्बताबाई बधली नव्हती. एक ठिणगी उडाली तर सगळ्यांचाच कोळसा.

ती या ढिगाकडून त्या ढिगाकडे धावली. टोपल्या उलट्या केल्या, बायांचे पदर हुंगले. जाईल तिथं वास! शेवटी देवकाच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली गरम वीट सापडली.

"चुलीवर तापोली व बाई, हात शेकाले. इस्तो नाही त्यात," देवका काकुळतीनं म्हणाली. पार्बताबाईनं विटेसकट तिला फाटकाबाहेर काढलं.

वास मात्र जाईना. ती पुन्हा हुंगत फिरू लागली, तशी एक म्हातारी वैतागली. "काहून फिरून राह्यली माय? तुह्या शालीलेच धूर लागला हाये."

खरंच की! पहाटे हीच शाल पांघरून ती घरच्या शेकोटीशी बसली होती.

पार्बताबाई मान खाली घालून फाटकाशी गेली. देवका भिंतीला टेकून उन्हात पाय पसरून बसली होती.

"चाल आत. चुकलं माह्यं."

"मी नाही येत," देवका म्हणाली. "अठी ऊन हाये. कापूसच आणा भायेर."