भेटायची वेळ

बाबा आयसीयूतून बरे होऊन घरी आले, त्याला तीन महिने झाले. बाबांच्या मते असलं काही घडलेलंच नाही. ते अजून तिथेच ॲडमिट आहेत. दिवसभर आईला सिस्टर म्हणतात. संध्याकाळी पाचला आई कपडे बदलून, चपला घालून, बेल वाजवून आत येते, तेव्हा कुठे ती त्यांची बायको होते. दहा मिनिटांनी बाबाच म्हणतात, “नीघ आता, वॉचमन ओरडेल.”

काल त्यांनी डॉक्टरांना अर्ज करायचं ठरवलं. हात अजून थरथरतो.

“तुम्हीच लिहा, सिस्टर. तिला मात्र सांगू नका, लाजेल.”

आईने लिहिलं: “आमची ही दहा मिनिटांसाठी फार लांबून येते. तरी तिला माझ्यापाशी राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.”