जप्त केलेला पाणसरडा

दारूबंदीचे दिवस होते. तळेगाव स्टेशनवर उतरलेल्या प्राध्यापकांच्या पिशवीत स्पिरिटची बाटली सापडली आणि रंगराव जमादारांनी ती पंचांसमोर जप्त केली. आत सरड्यासारखा, पण बेडकाच्या कुळातला पाणसरडा होता. “परवाना कॉलेजात राहिला,” प्राध्यापक अजिजीनं म्हणाले. “स्पिरिट ओतू नका, सडेल तो. चिठ्ठीवर दार्जिलिंग लिहा. तिथल्या तळ्यात मिळालाय, इकडे असले प्राणी नसतात.” जमादारांनी स्पिरिट ओतलं नाही, लाखेचं सील मात्र ठोकलं. “दार्जिलिंग म्या बघितलं न्हाई, साहेब. डोळ्यांदेखत घडलं तेवढंच लिवणार.” बाटलीवर चिठ्ठी चिकटली: ठिकाण तळेगाव दाभाडे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत प्राध्यापक वारले. बाटली चिठ्ठीसकट संग्रहालयात गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात संग्रहालयाची माणसं जाळी घेऊन तळेगावच्या तळ्यात पाणसरडे शोधतात. काठावरून जमादार धीर देतात, “नीट शोधा, साहेब. म्या सोता पकडलाय हितं.”