पुरवठादाराचा चहा

नीती ही माणसाच्या रक्तातच असावी लागते. शंतनूकडे मात्र ती सोमवारी सकाळी पुण्याच्या हेड ऑफिसातून ईमेलने आली: माल देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, चहासुद्धा.

मंगळवारी तो सोनपेठजवळच्या एका गावात दैवशालाबाईंच्या घरी बसला होता. त्यांच्या बचत गटाचं सोयाबीन कंपनीला हवं होतं, आणि ते मिळाल्याशिवाय शंतनूची नोकरी पक्की होणार नव्हती. बाईंनी चहा पुढे केला.

“नको मावशी, कंपनीचा नियम आहे.”

“मघाशी पानी बी घेतलं न्हाई. आमच्या हातचं चालंना का तुमाला?”

“तसं नाही हो. तुमच्याकडून काही घेतलं तर ती लाच होते.”

“आसं. मंग सोयाबीन बी ऱ्हाऊ द्या. ते बी आमच्याच हातचं हाय.”

शंतनूने कप उचलला. सौदा झाला. माणूस प्रामाणिक, त्यामुळे संध्याकाळी त्याने चहा घेतल्याचं स्वतःच वरती कळवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात दैवशालाबाईंचा जबाब घ्यायला पुण्याहून चौकशी अधिकारी आले. जबाब मिळेपर्यंत त्यांचे दोन कप झाले.