सतरा दिवस कमी

शाळेचा दाखला खिशात घालताना योगराजला आईकडे बघवेना.

"तो कागद गुरुजीसमोर नेऊ नको," कुंदाबाई म्हणाली. "काऊन नेऊन राहिला?"

"वकिलानं सांगितलं. दाखवाच लागते."

केशोरीजवळची बोडी, म्हणजे लहानसं तळं, योगराजच्या बापाची. बाप गेला तेव्हा ती गाळाने भरून पडली होती. पुनाराम गुरुजी नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी गाळ उपसला, पाळ बांधली, शिंगाडा लावला. स्टॅम्प पेपरवर करार झाला: पंधरा वर्षं गुरुजींनी शिंगाडा लावायचा, पीक दोघांनी अर्धं अर्धं घ्यायचं. गुरुजींनी एका वर्षीही शब्द मोडला नाही. आता देवरीच्या एका ठेकेदाराला मासळीसाठी बोडी हवी होती, आणि योगराजला ठेकेदार. गरज सरो, वैद्य मरो.

अर्जुनी मोरगावच्या वकिलाने दाखला बघून मांडीवर थाप मारली होती. सही केली तेव्हा योगराजला अठरा पूर्ण व्हायला सतरा दिवस कमी होते. अल्पवयीन माणसाचा करार मुळातच रद्द.

गुरुजी पाळीवर बसले होते. योगराजने मान खाली घालून दाखला पुढे केला आणि वकिलाचं म्हणणं कसंबसं सांगितलं. ज्यांनी हात धरून पाटीवर गिरवायला शिकवलं, त्यांनाच कायदा शिकवायचा!

गुरुजींनी जन्मतारखेवर बोट ठेवलं. ते न उचलताच त्यांनी विचारलं,

"वनरक्षकाची नोकरी बरी चालून राहिली ना?"

"हो गुरुजी. भरतीचं वय संपाले महिनाच होता, तवा लागलो."

"मंग सांभाळ."

गुरुजी पाळीलगतच्या आपल्या घरात गेले, करार घेऊन आले आणि फाडून तुकडे त्याच्या हातावर ठेवले.

"औंदाचा शिंगाडा तेवढा तुमीच काढा," योगराज पुटपुटला.

घरी आल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. "मलेच लाज वाटली. पण कायदाच तसा आहे. त्यायच्याजवळ बोलाले काही नव्हतंच."

कुंदाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"होतं ना. तुले तवा अठरा होऊन वर्ष होत आलं होतं. शाळेत नाव टाकतानी गुरुजीनंच तुह्यं एक वर्ष कमी लिवलं, पुढं नोकरीच्या कामी येईन म्हणून."