माफीचा प्रसंग

चर्चच्या सभागृहात शेवटच्या रांगेमागे आवाजाचा मिक्सर मांडला होता. पडद्यावर धाकट्या भावाचा पहिला सिनेमा चालू होता. धाकट्याचं मिक्सिंग वेळेत पुरं झालं नव्हतं. त्यामुळे संवाद एका फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणावर, संगीत दुसऱ्यावर, आणि दोन्ही सांभाळायला थोरला. तो स्वतः सिनेमे करायचा.

खलनायक दारू पीत होता, कारण तो खलनायक होता. नायक बोलत नव्हता, प्रवचन देत होता. प्रार्थना झाली की लगेच काम फत्ते. थोरला चुका टिपत होता. प्रत्येक चुकीने त्याला जरा बरं वाटत होतं.

मग त्याला पुढे आई दिसली. रुमाल डोळ्यांशी धरलेला. परीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या थोरल्याच्या सिनेमाला ती मध्यंतराआधीच झोपली होती. "छान होता रे," नंतर म्हणाली होती, "पण आपल्याला नाही बाबा कळत." थोरल्याच्या पोटात दुखलं.

शेवटी माफीचा प्रसंग आला. मुलाला गाडीखाली घालणाऱ्या ड्रायव्हरसमोर बाप उभा होता. बापाचं काम चर्चच्या मंडळीतल्याच एका बेकरीवाल्याने केलं होतं, आणि त्याला अभिनय म्हणून येत नव्हता. आता व्हायोलिनं सुरू होणार, सगळं सभागृह हुंदके देणार. व्हायोलिनं काढली तर या प्रसंगात काही उरत नाही, याची थोरल्याला खात्री होती.

त्याने संगीताचा फेडर पार खाली ओढला.

बेकरीवाला नुसता उभा राहिला. पुढे काय करायचं ते त्याला कळत नव्हतं, आणि ते दिसत होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने हात पुढे केला, मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. थोरला पडद्याकडे पाहत राहिला. चूक टिपायचं त्याला सुचलं नाही.

दिवे लागले. लोक धाकट्याभोवती जमले. आई डोळे पुसत मागे आली.

"बघितलंस ना? शेवटी किती शांत ठेवलंय त्याने."

"त्याने नाही ठेवलं, आई. तिथे संगीत होतं. ते बंद पडलं."

आईने गर्दीतल्या धाकट्याकडे पाहिलं, मग वर छताकडे.

"मग देवानेच बंद केलं असेल."

थोरल्याने फेडरवरचा हात काढून खिशात घातला.